लिनक्सचं प्रमाणपत्र: आधी हात बसू द्या, मग परीक्षेला बसा

निकाल लागले की क्लासेसची पत्रकं घरोघर पोचतात. ‘सहा महिन्यांत लिनक्स अ‍ॅडमिन, नोकरीची शंभर टक्के हमी’ असं वर ठळक छापलेलं असतं आणि खाली हप्त्यांनी भरायची फी. मुलगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेजात कंपन्या फारशा येत नाहीत, ओळखीतली एक मुलगी मात्र पुण्यात नोकरीला लागलेली. अशा वेळी मुदत ठेव मोडावी का, हा प्रश्न घरात रात्री उशिरापर्यंत चघळला जातो. हा लेख त्या घरांसाठी आहे.

क्षेत्राबद्दल शंका नसावी. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतलेला लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी आहे. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालतो. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरही निम्म्याहून अधिक काम लिनक्सवर होतं, आणि त्या क्लाउडचं एक डेटा सेंटर आपल्या पुण्यातच आहे. घरातल्या लॅपटॉपवर लिनक्स क्वचितच दिसतं, म्हणून पालकांना त्याचं महत्त्व कळायला वेळ लागतो. पण हे सर्व्हर रात्रंदिवस सांभाळणारी माणसं लागतात आणि यापुढेही लागतील.

प्रश्न आहे तो प्रमाणपत्राचा, कारण ‘लिनक्स सर्टिफिकेशन’ या एका नावाखाली अगदी वेगळ्या परीक्षा येतात. काही परीक्षा तुम्हाला काय माहीत आहे ते विचारतात. १९९९मध्ये स्थापन झालेल्या लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट, म्हणजे एलपीआय, या संस्थेची एलपीआयसी-१ ही त्यातली सर्वांत परिचित. तिचे १०१ आणि १०२ असे दोन पेपर असतात, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं, आणि प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. ती कोणत्याही एका कंपनीच्या लिनक्सला बांधलेली नाही, ही तिची जमेची बाजू. तिच्याखालची ‘लिनक्स इसेन्शियल्स’ ही एका तासाची, ४० प्रश्नांची परीक्षा आहे आणि तिला मुदत नाही. अकरावी-बारावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सुरुवात म्हणून ती चांगली.

रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा मात्र हाताचं काम बघते, आणि पैसे एकाच परीक्षेपुरते असतील तर ते या जातीच्या परीक्षेवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. इथे चार पर्यायांतला एक निवडायचा नसतो. समोर चालू मशीन येतं, कामांची यादी येते आणि साधारण तीन तास मिळतात. युजर आणि ग्रुप तयार करा, अमुक फोल्डरवर अमुक लोकांनाच लिहिता येऊ द्या, लॉजिकल व्हॉल्यूमचा आकार वाढवा, ठरावीक वेळी चालणारं काम क्रॉनमध्ये लावा. बूट होणारं मशीन मध्येच थांबवून त्याच्यावर ताबा मिळवता यायला हवा, हेसुद्धा अधिकृत अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. इंटरनेट नसतं. मशीनमधली ‘मॅन’ पानं, म्हणजे कमांडांची माहितीपानं, मात्र उघडता येतात. त्यामुळे पाठांतर कमी असलेला, पण ती पानं वाचून नेमका पर्याय शोधणारा विद्यार्थी इथे तरून जातो.

सगळ्यांत कसोटीची अट अशी, की केलेलं प्रत्येक काम मशीन रीबूट झाल्यावरही टिकलं पाहिजे. ही अट मुलांना फार उशिरा उमगते. समजा, नवी डिस्क जोडली, तिच्यावर फाइल सिस्टिम घातली, माउंट केली, यादीत ती दिसतेय, सगळं छान. पण बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमधल्या ओळीत त्या डिस्कच्या ओळख-क्रमांकातलं एक अक्षर चुकलं, तर रीबूट करताना मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. जे मशीन उठतच नाही, त्याच्यावरची बाकीची बरोबर कामं तपासणार कोण? दुसरा खड्डा एसई-लिनक्स या सुरक्षा-यंत्रणेचा. वेब सर्व्हरची पानं नेहमीच्या जागेवरून नव्या फोल्डरमध्ये नेली, परवानग्या तंतोतंत दिल्या, तरी पान उघडत नाही, कारण त्या फोल्डरला एसई-लिनक्सचं योग्य लेबल लागलेलं नाही. घाबरलेला उमेदवार एसई-लिनक्सच बंद करून टाकतो. कंपनीच्या खऱ्या सर्व्हरवर असं करणं म्हणजे कुलूप अडतं म्हणून दारच काढून ठेवणं. लेबल कसं बघायचं, कसं बदलायचं आणि ते कायमचं कसं करायचं, हे हाताला सरावाने कळावं लागतं. व्हिडिओ पाहून हे अंगवळणी पडत नाही.

लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस परीक्षाही याच वळणाची, दोन तासांची आणि घरबसल्या देता येणारी. पहिल्या वेळी नापास झालात तर आणखी एक संधी त्याच फीमध्ये मिळते, आणि बेताच्या ऐपतीच्या घरासाठी ही गोष्ट लहान नाही. आरएचसीएसएच्या पुढची आरएचसीई आता मुख्यतः अ‍ॅन्सिबलवर, म्हणजे एकाच वेळी अनेक सर्व्हरांवर कामं आपोआप करून घेण्यावर असते. क्लासवाले दोन्ही एकत्र विकतात. पदवीच्या काळात दोन्ही घेऊ नयेत. आरएचसीएसएची मुदतच तीन वर्षांची आहे. पहिली नोकरी लागली की पुढची परीक्षा त्या अनुभवावर द्यावी, आणि बऱ्याचदा तिचा खर्च कंपनीच उचलते.

आता तयारीचं. यात जवळजवळ सगळं फुकट मिळतं आणि ही बातमी गावोगावच्या मुलांपर्यंत नीट पोचलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प लिनक्सचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे देतो आणि त्यांतले अनेक मराठीत ऐकता येतात. एका खिडकीत धडा, दुसऱ्या खिडकीत आपलं मशीन, ऐकायचं आणि लगेच करून बघायचं, अशी त्यांची रीतच आहे. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलाने इथून सुरुवात करावी. पण महिन्या-दोन महिन्यांत इंग्रजी ‘मॅन’ पानांची सवय लावावी, कारण पुढे कामावर त्यांच्याशीच गाठ आहे. एलपीआयचं स्वतःचं अभ्याससाहित्य मोफत आहे. लिनक्स फाउंडेशनचा प्राथमिक अभ्यासक्रमही ऑनलाइन मोफत करता येतो.

मशीन? आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालेल. व्हर्च्युअलबॉक्स घालून त्यात दोन आभासी मशीनं उभी करा, म्हणजे घरची विंडोज जागच्या जागी राहते आणि आईवडिलांनाही धास्ती नाही. रॉकी लिनक्स किंवा अल्मा लिनक्स या रेड हॅटच्या प्रणालीशी मिळत्याजुळत्या आणि मोफत आहेत. खुद्द रेड हॅटसुद्धा वैयक्तिक डेव्हलपर नोंदणीवर सोळा सिस्टिमपर्यंत आपली प्रणाली विनामूल्य वापरू देते.

मग क्लास लावूच नये का? ज्याला घरी शिस्त राखता येत नाही, ज्याला अडलं तर विचारायला कुणी नाही, त्याने जरूर लावावा. फक्त आईबाबांनी सोबत जाऊन काही गोष्टी विचाराव्यात. कोणती आवृत्ती शिकवता? उत्तर ‘सेंटओएस ७’ असं आलं तर उठावं. तिचा आधार ३० जून २०२४ला संपला. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र क्लासचं की रेड हॅटचं? परीक्षेची फी तुमच्या रकमेत धरली आहे की वेगळी? प्रत्येक मुलाला स्वतंत्र मशीन आणि रूटचे, म्हणजे त्या मशीनवरचे संपूर्ण, अधिकार मिळतात का? शिकवणाऱ्यांचं प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळून दाखवता का? अशी पडताळणी रेड हॅट आणि एलपीआय दोघांकडे होते, तेव्हा यात कुणाचा अपमान नाही. आणि क्लासने ‘मागच्या परीक्षेतले प्रश्न देतो’ असं सांगितलं तर तिथे पाऊल ठेवू नये. ते परीक्षेच्या कराराविरुद्ध आहे, उघडकीस आलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय मुलाखतीत असा विद्यार्थी पाच मिनिटांत उघडा पडतो.

मुलाखतीतला एक नेहमीचा प्रश्न सांगतो. ‘डीएफ’ कमांड म्हणते डिस्क पूर्ण भरली, ‘डीयू’ने मोजलं तर फाइली निम्म्याही भरत नाहीत. बाकीची जागा गेली कुठे? बहुतेक वेळा कुणीतरी मोठी लॉग फाइल पुसलेली असते, पण चालू असलेल्या एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरलेली असते. ती प्रोसेस शोधून तिला फाइल सोडायला लावेपर्यंत जागा मोकळी होत नाही. स्वतःच्या मशीनवर हा प्रकार एकदा घडवून पाहिलेली मुलगी उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ कमांडचं नाव न अडखळता घेते. प्रमाणपत्रामुळे बायोडेटा चाळणीतून पुढे सरकतो, पण मुलाखत पार करायला हेच लागतं.

पालकांना आणखी एक सांगायला हवं. पहिली नोकरी बहुधा एल-वन, म्हणजे पहिल्या पातळीच्या, सपोर्टची असते. रोटेशनची शिफ्ट, रात्रपाळी, येणारी तिकिटं ठरावीक वेळात सोडवायची, जमलं नाही तर वरच्या टीमकडे पाठवायची. मुलगा दुपारी झोपलेला दिसला म्हणून चिंता करू नका. दीड-दोन वर्षं हे मनापासून केलेली मुलं क्लाउड आणि डेव्हऑप्सच्या कामाकडे सरकतात. अभियांत्रिकीची पदवी झालेल्यांना सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा हाही मार्ग आहे. त्याचा प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो.

परीक्षेची तारीख घेण्याआधी घरी एक चाचणी घ्या. मित्राला तुमच्या आभासी मशीनवर बसवा, त्याला रूटचा पासवर्ड बदलू द्या, एफएसटॅबमध्ये एक ओळ बिघडवू द्या, फायरवॉलमध्ये एक पोर्ट बंद करू द्या. मग फोन आणि इंटरनेट बाजूला ठेवून, फक्त ‘मॅन’ पानांच्या आधाराने मशीन पूर्ववत करा आणि रीबूट करा. लागोपाठ तीन-चार आठवडे वेगवेगळ्या बिघाडांवर हे जमू लागलं, की परीक्षेची फी भरा.