जखमी पाखरावर हक्क कोणाचा? : धम्माच्या दृष्टीने पक्षिनिरीक्षण आणि पक्षिरक्षण

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आपण सारे 'अजब बंगला' या नावाने ओळखतो. तेथे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या देवटेक गावची एक शिळा आहे. तिच्यावर दोन लेख कोरलेले आहेत. त्यांतील नंतरचा वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याच्या काळातील असून जुना लेख अशोककालीन ब्राह्मी लिपीत आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन करून विदर्भाच्या इतिहासावर नवा प्रकाश टाकला. जुन्या लेखाचा काही भाग झिजला असला तरी त्याचा आशय स्पष्ट आहे. प्राण्यांना पकडू नये आणि मारू नये, अशी ती राजाज्ञा आहे. मुक्या जिवांना अभय देणारा हा हुकूम दूरच्या पाटलिपुत्रापुरता नव्हता, तो आपल्या झाडीपट्टीतल्या खेड्यापर्यंत पोहोचला होता. ही गोष्ट नागभूमीतील प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात तर अवध्य प्राण्यांची यादीच दिलेली आहे. राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी काढलेल्या या आज्ञेत पहिली दोन नावे शुक आणि सारिका, म्हणजे पोपट आणि मैना यांची आहेत. पुढे चक्रवाक आणि हंस येतात. दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था केल्याचे नमूद आहे. नुसते 'मारू नका' असे सांगून हा सम्राट थांबला नाही. आजारी जिवावर उपचार करणे हेही त्याने राज्याचे कर्तव्य मानले.

सिद्धार्थ आणि देवदत्त यांचा वाद

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणीचा एक प्रसंग आहे. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला पक्षी सिद्धार्थापुढे येऊन पडतो. सिद्धार्थ बाण काढतो, जखम बांधतो, पाणी पाजतो आणि ऊब मिळावी म्हणून पाखराला छातीशी धरतो. देवदत्त येऊन पक्षी मागतो. जो शिकार करतो तोच शिकारीचा धनी, हा त्याचा युक्तिवाद. सिद्धार्थ तो नियमच नाकारतो. मारू पाहणारा मालक कसा होईल? हक्क रक्षण करणाराच सांगू शकतो. वाद लवादाकडे जातो आणि निर्णय सिद्धार्थाच्या बाजूने लागतो.

ही गोष्ट आपण मुलांना दयेची गोष्ट म्हणून सांगतो. पण ती न्यायाचीही गोष्ट आहे. बळाने मिळवलेली मालकी न्याय्य ठरते काय, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी आयुष्यभर हाच प्रश्न समाजव्यवस्थेला विचारला.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. ज्या समाजाला शतकानुशतके माणूस म्हणून वागवले गेले नाही, त्याने आपले प्रश्न बाजूला ठेवून पाखरांची काळजी का वाहावी? महाडच्या चवदार तळ्यावर पशुपक्ष्यांना पाणी पिण्यास आडकाठी नव्हती, अस्पृश्यांना मात्र होती. म्हणूनच २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. मुंग्यांना साखर घालणारे हात माणसाला पाणी नाकारत होते. अशा भूतदयेचा आपल्याला राग यावा हे योग्यच आहे. परंतु माणसाला वगळणाऱ्या दयेला उत्तर म्हणून पाखराला वगळणारी दया उभी करायची नसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांविषयीच्या दयेची आणि त्यांच्या रक्षणाची आहे. बाबासाहेबांनी सद्धम्माचे विवेचन प्रज्ञा, शील, करुणा आणि मैत्री या क्रमाने केले आहे. आपल्या विषयाचा अभ्यासही आपण याच पायऱ्यांनी करू.

प्रज्ञा : ओळख

ज्याचे नावही ठाऊक नाही त्याचे रक्षण कसे करणार? म्हणून पहिली पायरी निरीक्षणाची. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. पहाटेची वेळ, एक वही आणि शांत बसण्याची सवय एवढे सुरुवातीस पुरेसे आहे.

नागपूर या बाबतीत भाग्यवान आहे. अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा हे तलाव शहराला लागूनच आहेत. पारडगाव, सायकी यांसारखे तलाव थोडे दूर आहेत. हिवाळ्यात या पाण्यांवर थापट्या आणि तलवार बदक उतरतात. वर्षभर राहणारे हळदीकुंकू बदक, शेकाट्या, वंचक आणि जांभळी पाणकोंबडीही दिसतात. तांबूस नारिंगी अंगाचा चक्रवाकही येतो. हाच तो अशोकाच्या यादीतला चक्रवाक. विदर्भातील तलावांवर येणारा पट्टकादंब मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. प्राचीन वाङ्मयातील हंस तो हाच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. इतिहासाच्या पुस्तकातली नावे अशी पाण्यावर तरंगताना पाहिली की विद्यार्थ्यांना शिलालेख पाठ करावा लागत नाही.

शाळेच्या आवारातही कमी नाही. कडुलिंबावर तांबट टुकटुक करतो, तारेवर कोतवाल आणि वेडा राघू बसतात, झुडपात भारद्वाज चालतो. जुन्या वृक्षाच्या ढोलीत राखी धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर चिमटीएवढ्या फटीतून तिला व पिलांना भरवतो. अशा दिवसांत ते झाड तोडले तर एका घावात सारे कुटुंब संपते. ज्याला हे ठाऊक आहे त्याची कुऱ्हाड थांबते, ज्याला ठाऊक नाही त्याची थांबत नाही.

निरीक्षणाच्या नोंदी किती मोलाच्या असतात हे गिधाडांच्या उदाहरणावरून कळते. १९९० नंतरच्या दशकात भरतपूरसारख्या ठिकाणी गिधाडे कमी होत असल्याचे निरीक्षकांच्या नोंदींतून लक्षात आले. पुढे संशोधनातून कारण सापडले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नष्ट झाली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. गाव स्वच्छ ठेवणाऱ्या या पक्ष्याला लोक अमंगळ म्हणत. मेलेली गुरे ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांवर लादून त्यांनाच अपवित्र ठरवणारी मनोवृत्तीही हीच. आम्ही माणसाची तुलना पक्ष्याशी करीत नाही. घाण दूर करणाऱ्यालाच घाण म्हणणाऱ्या वृत्तीकडे आम्ही बोट दाखवीत आहोत.

शील : संयम

ओळख झाल्यावर आपल्या वागण्यात बदल व्हायला हवा. नागपुरात संक्रांतीचे पतंग म्हणजे मोठा उत्साह. परंतु नायलॉनचा मांजा सुती दोऱ्यासारखा सहज तुटत नाही आणि कुजतही नाही. तो महिनोन्‌महिने झाडांवर लोंबत राहतो आणि सण संपल्यावरही घारी, बगळे, वटवाघळे त्यात अडकतात. दुचाकीस्वारांचे गळे त्याने कापले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. विकणारा दोषी आहेच. पण विकत आणणारे हात आपल्याच घरातले असतील, तर बंदीचा उपयोग काय? आमचा आग्रह एवढाच की सुती दोरा वापरावा, पक्षी घरट्यांतून निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळी, म्हणजे पहाटे व सायंकाळी पतंग उडवू नये आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी आपापल्या वस्तीतील झाडांवरचा मांजा उतरवावा.

दुसरी गोष्ट पिंजऱ्याची. अशोकाच्या यादीतली पहिली दोन नावेच आजही पिंजऱ्यात दिसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे आणि घरात बाळगणे गुन्हा आहे. बोलका पोपट घराची शोभा नव्हे, तो कैदी आहे. गुलामीचा अर्थ ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळला, त्यांच्या ओसरीवर पिंजरा टांगलेला असू नये.

तिसरी गोष्ट अंधश्रद्धेची. गव्हाणी घुबड छतावर बसले तर घरात मरण येते, ही समजूत अजून जिवंत आहे. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांचे बळी जातात. वस्तुतः हा पक्षी उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचवतो.

मात्र पक्ष्यांची बाजू घेताना गरीब माणसाविरुद्ध उभे राहण्याचा मोह टाळला पाहिजे. जाळे लावणाऱ्या पारध्याला शिव्या देणे सोपे असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, पण तो शिक्का लोकांच्या मनातून गेला नाही. पाखरांची बोली आणि घरट्यांच्या जागा पारधी समाजाइतक्या क्वचितच कोणाला ठाऊक असतील. त्यांच्या मुलांना शाळा आणि रोजगार मिळाला, तर हेच ज्ञान रक्षणाच्या कामी येईल.

करुणा : मदतीचा हात

जखमी पक्षी दिसला की मन कळवळते आणि घाईत चुकीचे उपाय होतात. म्हणून पुढील गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात.

१. प्रथम दुरून पाहावे. पिसे फुटलेले, पण नीट उडता न येणारे पिल्लू बहुधा जखमी नसते. ते उडायला शिकत असते आणि त्याचे आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा फांदीवर त्याला ठेवून दूर व्हावे. पिसे न फुटलेले पिल्लू खाली पडले असेल तर त्याला घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई पिलाला टाकून देते, हा गैरसमज आहे.

२. पक्षी खरोखर जखमी असेल तर त्याच्यावर सुती कापड हलकेच टाकून, पंख अंगाशी मिटवून उचलावे. छाती दाबू नये, कारण श्वासासाठी ती हलावी लागते. शिक्रा, घार, घुबड यांच्या नखांपासून आणि बगळ्याच्या चोचीपासून स्वतःला, विशेषतः डोळ्यांना जपावे.

३. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून पक्षी ठेवावा. खोके झाकून शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. अंधार आणि शांतता हेच पहिले औषध आहे. मुलांची गर्दी आणि मोबाईलवरचे फोटो यांनी पक्षी भीतीनेच दगावू शकतो.

४. मांजा पंखात रुतला असेल तर ओढू नये. दोन्ही बाजूंचा दोरा कात्रीने कापावा आणि रुतलेला भाग डॉक्टरांसाठी तसाच ठेवावा.

५. चोच उघडून पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. दूध, पोळी, भात देऊ नये. वैशाखाच्या उन्हाने पडलेला पक्षी सावलीत ठेवावा. तो सावध झाल्यावर उथळ भांड्यात पाणी समोर ठेवावे आणि त्याचे त्याला पिऊ द्यावे.

६. विलंब न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा सेमिनरी हिल्स येथील वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये पक्षी पोहोचवावा. तेथे वन्यजीवांवर उपचार होतात. पक्षी कोठे व कसा सापडला हे अवश्य सांगावे. नंतर हात साबणाने धुवावेत. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले तर त्यांना हात न लावता कळवावे.

कथेत सिद्धार्थाने बाण स्वतः काढला आणि पाणीही पाजले, मग आपण तसे का करू नये, असे एखादा विद्यार्थी विचारील. त्याने अवश्य विचारावे. ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. सिद्धार्थाचा हेतू आपण घ्यावा, उपचाराची रीत मात्र आजच्या पशुवैद्यकाची असावी. ज्ञानावाचून केलेली करुणाही जीव घेऊ शकते, म्हणून प्रज्ञा आधी आणि करुणा नंतर.

मैत्री : निरोप

बरा झालेला पक्षी घरी ठेवून घ्यावा, तो आपल्याला ओळखू लागला आहे, असा मोह होतो. कायदा त्याला परवानगी देत नाही आणि धम्मही देत नाही. लवादाने पक्षी सिद्धार्थाला दिला खरा, पण रक्षणाचा हक्क म्हणजे पिंजऱ्याचा हक्क नव्हे. देवदत्ताला पक्षी हवा होता, सिद्धार्थाला पक्षी जगायला हवा होता. हा भेद ज्याला उमगला, तो बरे झालेले पाखरू आनंदाने उडू देतो. बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे मैत्रीला स्थान दिले, कारण मैत्री माणसापाशी थांबत नाही, ती प्राणिमात्रांपर्यंत जाते. करुणेला समोर दुःख लागते. मैत्री धडधाकट, स्वतंत्र जिवाचाही आदर करते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवून 'पक्षिकोश' सिद्ध करणारे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या आठवड्यात आपल्या मुलांसह जवळच्या तलावावर एक सकाळ घालवावी. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव आणि संख्या एवढी पाच रकान्यांची नोंद करावी. ओळख पटली नाही तर रंग, आकार आणि आवाज लिहून ठेवावा. त्या वह्या विद्यालयाच्या ग्रंथालयात जमा कराव्यात. दहा वर्षांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती या परिसराचा एक खरा दस्तऐवज असेल, आणि एखादे पाखरू येईनासे झाले तर ते आपल्याला वेळेवर कळेल.

सर्व प्राणिमात्रांचे मंगल होवो.