जखमी नाक, शस्त्रक्रिया आणि नियत

मोटारसायकलच्या अपघातात नाक मोडलेल्या तरुणाने अथवा तरुणीने शस्त्रक्रियेचा विषय काढला की मेहकरसारख्या गावात घरातील वडीलधारे विचारतात, "श्वास तर चालतो ना? मग अल्लाहने दिलेल्या चेहऱ्यात बदल कशाला?" या प्रश्नामागे ईशभय आहे, हे मान्य. परंतु अल्लाहने दिलेला चेहरा अपघाताने बदलला आहे. रुग्ण तोच परत मागत आहे.

अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत ह. अरफजा बिन असअद (रजि.) यांची हकीकत आहे. अज्ञानकाळात कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित (सल्ल.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषाला सोने वर्ज्य असूनही! येथे जिवावरचे संकट नव्हते, हे लक्षात घ्यावे.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. 1792 च्या युद्धात इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान टिपू सुलतानांच्या सैन्याच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीटकऱ्यांच्या जातीतील एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक केले. 1794 मध्ये ते वृत्त लंडनच्या मासिकात छापले गेले. श्वास त्याचाही चालूच होता. पण मराठीत नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे.

ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या रिवायतीत दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांच्या निषेधासोबत 'सौंदर्यासाठी' हा शब्द आला आहे. दोष दूर करणे आणि केवळ शोभा वाढविणे यांतील भेद फुकहांनी त्यावरूनच केला. 2007 साली पुत्रजाया येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही अपघातातून आलेले व्यंग सुधारणे जायज ठरविले. मानसिक त्रास देणारी विद्रूपताही त्यात धरली. तेव्हा व्यंगामुळे मुलीची स्थळे परत जातात म्हणून बाप शस्त्रक्रियेला तयार झाला, तर त्याला हौस म्हणू नये.

घसरण होते ती वेगळ्याच जागी. मोडलेले नाक सरळ करता करता "थोडे बारीकही करून घेऊ" असा मोह होतो, आणि तेथे नियत बदलते. अपघातापूर्वीच्या छायाचित्रातील नाक हीच मर्यादा मानावी.

आणखी एक गोष्ट. मोडलेले हाड पहिल्या एक-दोन आठवड्यांत जागेवर बसविणे सोपे असते, लहान मुलांत त्याहूनही लवकर. पुढे ते वाकडेच जुळते आणि मोठी शस्त्रक्रिया लागते. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. मसला विचारायचाच असेल, तर इमामसाहेबांना त्याच दिवशी फोन करावा. जुम्याची वाट पाहू नये.