टायरचं बिल: घासाघीस कुठे करावी, कुठे करू नये

टायरच्या दुकानात आपला चिकटपणा नेमका चुकीच्या जागी बाहेर येतो. पंक्चरचे दीडशे सांगितले की "शंभर घ्या की दादा" म्हणतो, आणि पाचच मिनिटांनी नायट्रोजन, वजनं, कॅम्बर असं हजार-बाराशेचं काम नुसती मान डोलावून मंजूर करतो. खरं तर पंक्चर कसं काढलंय यावर घाटातला प्रवास अवलंबून असतो. नायट्रोजनवर काहीही अवलंबून नसतं.

खालचे दर पुणे-नाशिककडच्या साध्या दुकानांचे, लहान आणि मध्यम गाड्यांचे आणि अंदाजाचे आहेत. शोरूममध्ये जास्त पडतील, तालुक्याच्या गावी कमी. रात्री अकराला हायवेवर अडकलात तर समोरचा सांगेल तो दर.

हवा

हवेपासून सुरुवात करू, कारण ती फुकट आहे. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं ही पंपचालकाची जबाबदारीच आहे. पोराला दहा-वीस रुपये खुशीने द्या, ती वेगळी गोष्ट. मात्र त्याने "किती मारू?" विचारलं की "बघ तूच" म्हणू नका. आकडा तुमच्या गाडीवरच लिहिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुधा वेगवेगळे असतात. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघताना दुसरा आकडा बघायचा. मोजमाप टायर गार असताना करायचं. तासभर पळवलेल्या गाडीत दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो. तो जास्त वाटून हवा सोडली, तर सकाळी टायर कमी हवेवर असतो. आणि स्टेपनी. वर्षभर तिच्याकडे कुणी बघत नाही आणि गरज पडते तेव्हा तीही बसलेली निघते.

नायट्रोजन पहिल्यांदा भरायला चाकामागे ५० ते १००, पुढे टॉप-अपला २० ते ३० रुपये. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनमुळे दाब थोडा हळू उतरतो एवढाच फायदा, आणि महिन्यातून एकदा हवा बघणाऱ्याला तोही कळणार नाही. फुकट मिळाला तर घ्या. आधी नायट्रोजन असेल आणि जवळ साधीच हवा मिळत असेल तर बिनधास्त भरा. दोन्ही मिसळल्याने काही बिघडत नाही.

पंक्चर

ट्यूबलेस टायरचं पंक्चर दोन पद्धतींनी काढतात आणि दरातला फरक त्यामुळेच आहे. पहिली स्ट्रिप, दर १०० ते १५०. चाक न खोलता खिळा उपटायचा, कानस असलेल्या सळईने भोक मोठं करायचं, सोल्युशन लावलेली चिकट रबरी वात सुईने आत ढकलायची आणि बाहेरचं शेपूट कापायचं. दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर. दुसरी मशरूम पॅच, दर ३०० ते ५००. यात टायर रिमवरून उतरवतात, आतली बाजू घासून घेतात आणि छत्रीसारखा रबरी तुकडा आतून ओढून चिकटवतात. दांडा भोक बुजवतो, छत्री आतून झाकते.

स्ट्रिप वाईट नाही. अडलेल्या वेळी तीच उपयोगाची, आणि कित्येक टायर तिच्यावर वर्षानुवर्षं चालतात. पण स्ट्रिप मारताना टायर आतून कुणी पाहिलेला नसतो. हवा गेलेल्या टायरवर गाडी किलोमीटरभर जरी ओढली असेल, तर बाजू आतल्या आत चिरडली जाते. टायर उतरवला की आत रबराची काळी भुकटी सापडते. भुकटी दिसली की तो टायर संपला, बाहेरून कितीही नवा दिसो. हे तपासून मिळतं म्हणून मशरूमचे जास्तीचे दोन-तीनशे द्यावेत आणि तिथे घासाघीस करू नये. बॅलन्सिंग मात्र त्यानंतर पुन्हा करून घ्यावं लागतं, तेवढं धरून चाला.

पंक्चर फक्त रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातलंच काढता येतं. बाजूला किंवा खांद्याला खिळा घुसला, किंवा भोक पेन्सिलीएवढं असलं, तर "काढून देतो साहेब" म्हणणाऱ्याला नमस्कार करून स्टेपनी लावा. बाजूला आलेल्या फुग्याचंही तेच. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले की फुगा येतो आणि तो कशानेच बसत नाही.

हायवेवरच्या काही ठिकाणी एक धंदा चालतो. हवा भरता भरता पोरगा म्हणतो, "साहेब, पंक्चर दिसतंय." साबणाचं पाणी टाकतो, बुडबुडे येतात, आणि एका पंक्चरची चार होतात. कारण हातातल्या टोच्याने त्यातली तीन त्यानेच केलेली असतात. उपाय सोपा आहे: गाडीतून उतरायचं आणि शेजारी उभं राहायचं. खिळा किंवा तार दाखवल्याशिवाय भोक मान्य करायचं नाही. स्ट्रिप किट तीन-चारशेला आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा पंप दीड-दोन हजारांना मिळतो. बाहेरगावी वारंवार जाणाऱ्याने हे दोन्ही डिकीत ठेवावं.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग

ही दोन कामं वेगळी आहेत, दुकानदार एका दमात म्हणतो एवढंच. ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं ते बॅलन्सिंग. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते किंवा टायर एकाच कडेने झिजतो ते अलाइनमेंट. टायर दोन्ही कडांनी झिजला असेल तर हवा कमी राहते, मधोमध झिजला असेल तर जास्त. त्याला फक्त गेज लागतं. कडेला लाटांसारखे चढउतार हाताला लागले तर शॉकअब्सॉर्बर बघा.

बॅलन्सिंगला चाकामागे ५० ते १०० रुपये आणि वजनं वेगळी, बहुतेक ठिकाणी ग्रॅमवर दोन-तीन रुपये. जुनी वजनं काढून मगच चाक मशीनवर चढवायला सांगा, नाहीतर जुन्यावर नवी लागतात आणि तुम्ही ग्रॅमचे पैसे भरता. शेवटी स्क्रीनवर आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंना शून्य आलेलं स्वतः बघा. एका चाकाला शंभर ग्रॅम लागत असेल तर टायर रिमवर फिरवून बसवायला सांगा, किंवा रिम वाकलाय का ते बघायला सांगा.

अलाइनमेंटचे लहान गाडीला ३०० ते ५००, एसयूव्हीला ६०० ते १,०००. काम सुरू होण्याआधीचा आणि झाल्यानंतरचा, असे दोन्ही प्रिंट मागा. खरा वाद कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर होतो. "साहेब, कॅम्बर आऊट आहे, चाकामागे तीनशे." बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन, तेवढा जुळवता येतो, कॅम्बर जुळवायची सोयच कंपनीने दिलेली नसते. मग काही दुकानांत जॅक लावून तो 'ओढतात', म्हणजे सरळ भाषेत वाकवतात. कॅम्बर खरोखर बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते मेकॅनिककडचं काम आहे.

दुकानाचा स्टिकर पाच हजार किलोमीटरला परत बोलावतो. माझ्या मते लक्षण नसेल तर दहा हजार पुरे. मात्र पावसाळ्याभर खड्डे खाल्लेली गाडी दिवाळीच्या आधी एकदा मशीनवर चढवावी. त्याच फेरीत टायर पुढचे मागे करून घ्या; शे-दोनशेचं काम.

नवे टायर

कायद्याने कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. खाचांच्या तळाशी मधूनमधून छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. पावसाच्या तोंडावर ३ मिलिमीटर उरली असेल तर मी थांबणार नाही. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास १२० ने जायचं असेल तर तेव्हाही नाही. २०२३ मध्ये तिथे प्रवेशालाच टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, ते उगाच नव्हे. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांनंतर रबरावर भरवसा ठेवू नका.

वय टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं. 'डीओटी'नंतरचे शेवटचे चार आकडे बघा: १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल देत असतील तर दुसरा मागा किंवा दर पाडा. घासाघीस करायची खरी जागा हीच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. मूळ किंमत ४,००० असलेला टायर पूर्वी ५,१२० ला पडायचा, आता ४,७२० ला. त्यामुळे कुणी "जुन्या रेटचा माल आहे" म्हणालं तर ऐकू नका. १६५/८० आर १४ सारखा लहान गाडीचा टायर साधारण ४,५०० ते ६,००० ला, १६ इंची ७,५०० पासून पुढे. चौदा इंचीचे चार ४,८०० ने धरले तर १९,२००. व्हॉल्व्ह २००, वजनांसह बॅलन्सिंग ४००, अलाइनमेंट ४००. झाले २०,२००. जुन्या टायरचे नगाला दोनशे वळते केले की १९,४००. जुन्या टायरचे पैसे मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, पुढची ओढणारी गाडी असली तरीही. दुकानदार हटकून पुढे लावायला जाईल. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी फिरते, आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. सेकंडहँड टायर घेऊच नका. गुळगुळीत टायरला खाचा कापून ते अनेकदा उभे केलेले असतात.

बिल जीएसटीचं, त्यावर टायरचे सिरियल नंबर लिहिलेले. ते नसेल तर वॉरंटीचा दावा करताना अडतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि चाकं बसवल्यानंतर शंभरेक किलोमीटर गाडी पळाली की दुकानात जाऊन नट पुन्हा आवळून घ्या. त्याचे पैसे मागितले तर पुढच्या वेळी दुसरं दुकान बघा.