दिनांक चुकतो तेव्हा : जावास्क्रिप्टमधील दोषांचा शोध

दिनांक ही व्यवहारातील इतकी परिचित गोष्ट आहे की, तो लिहिण्यामागे काही संकेत असतात याचे भान आपल्याला सहसा राहत नाही. '०३/०४/२०२४' हे भारतीय वाचकाला ३ एप्रिल वाटते, तर अमेरिकी वाचकाला ४ मार्च. माणूस संदर्भावरून अर्थ लावतो. संगणकाला संदर्भ नसतो. शाळेतील प्रवेश, निवृत्तिवेतन, परीक्षेसाठीची वयोमर्यादा या सर्वांचा आधार जन्मदिनांक असतो. नोंदीत तो एका दिवसाने जरी मागे सरला, तरी त्याचे परिणाम त्या व्यक्तीला अनेक वर्षे भोगावे लागू शकतात. म्हणून असे दोष कसे उद्भवतात आणि ते कसे शोधावेत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

महाजालावरील पृष्ठांना चलनवलन देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आयक यांनी नेटस्केप या संस्थेत १९९५ साली सुमारे दहा दिवसांत रचली. वेळेच्या अभावी दिनांक हाताळण्याची व्यवस्था 'जावा' या भाषेतून जवळजवळ जशीच्या तशी उचलण्यात आली. जावामध्ये पुढे या व्यवस्थेला पर्याय देण्यात आले. जावास्क्रिप्टमध्ये मात्र असंख्य पृष्ठे तिच्यावर अवलंबून असल्याने तिला हात लावणे शक्य झाले नाही.

क्षण आणि दिनांक

या व्यवस्थेचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : जावास्क्रिप्टची 'डेट' ही वस्तू दिनांक साठवीत नाही, ती क्षण साठवते. १ जानेवारी १९७० रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र झाली, तेव्हापासून किती मिलिसेकंद लोटले, ही एकच संख्या तिच्या पोटात असते. वर्ष, महिना, वार हे सारे त्या संख्येवरून, पाहणाऱ्याच्या प्रमाणवेळेनुसार, मागाहून काढले जाते. एकाच क्षणी मुंबईत १५ मार्चची पहाट असते आणि न्यूयॉर्कमध्ये १४ मार्चची संध्याकाळ. संख्या मात्र एकच.

यावरून शोधाची दिशा ठरते. दिनांक तीन टप्प्यांतून जातो : मजकुरातून क्षण तयार होतो, तो क्षण साठवला जातो, आणि शेवटी क्षणातून पुन्हा मजकूर तयार होतो. दोष दिसला की प्रथम मधल्या टप्प्यातील संख्या तपासावी. ती योग्य असेल तर दोष लेखनात आहे. अयोग्य असेल तर वाचनात आहे. हे न पाहता 'एक दिवस मिळवून टाकावा' असा उपाय करणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

लक्षणे आणि कारणे

पहिले लक्षण, महिना एकाने चुकणे. या व्यवस्थेत महिने शून्यापासून मोजले जातात, दिवस मात्र एकपासून. २०२४, ३, १५ अशा तीन संख्या दिल्यास १५ मार्च नव्हे, तर १५ एप्रिल मिळतो. ही प्रथा 'सी' या जुन्या भाषेतही आढळते.

दुसरे लक्षण, दिवसाच्या जागी शून्य ते सहा यांपैकी एखादा अंक उमटणे. 'गेट-डे' या आज्ञेने महिन्यातील दिवस मिळत नाही, वार मिळतो, आणि रविवार म्हणजे शून्य. १५ मार्च २०२४ हा शुक्रवार होता, म्हणून १५ ऐवजी ५ येतो. महिन्यातील दिवसासाठी 'गेट-डेट' ही आज्ञा आहे.

तिसरे लक्षण, १९७० साल अवतरणे. अनेक सर्व्हर काळ सेकंदांत मोजतात. सेकंदांची संख्या मिलिसेकंद समजून वाचली गेली, की २०२४ मधील दिनांक २० किंवा २१ जानेवारी १९७० असा दिसतो. तेथे हजाराने गुणणे हाच उपाय. नेमका १ जानेवारी १९७० दिसल्यास मूळ मूल्य रिकामे होते काय, हे पाहावे.

चौथे लक्षण फसवे आहे : महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते, तर तेराव्या दिवसापासून दिनांकच अवैध ठरतो. तिरप्या रेघांनी लिहिलेला मजकूर ब्राउझर सामान्यतः अमेरिकी क्रमाने वाचतो. '२५/१२/२०२४' मध्ये पंचविसावा महिना नसल्याने दोष निदान उघड होतो. '०३/०४/२०२४' मध्ये तो निमूटपणे दडून राहतो.

पाचवे लक्षण, दिनांक आपोआप पुढे सरकणे. अस्तित्वात नसलेला दिवस संख्यांच्या रूपाने दिल्यास ही व्यवस्था तक्रार करीत नाही. ३१ फेब्रुवारी २०२३ मागितल्यास ती ३ मार्च देते. त्यामुळे 'महिना एकाने वाढव' अशी आज्ञा एरवी नीट चालून ३१ जानेवारीसारख्या महिनाअखेरच्या दिवशी चुकते.

एका दिवसाचे अंतर

सर्वांत अधिक हानी करणारा दोष प्रमाणवेळेचा. ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. समजा, अर्जात जन्मदिनांक १५ मार्च २०२४ असा निवडला. आज्ञावलीने त्याचा स्थानिक मध्यरात्रीचा क्षण तयार केला. जागतिक वेळेनुसार तो क्षण १४ मार्चच्या सायंकाळी साडेसहाचा आहे. आता 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' या आज्ञेने मजकूर काढून त्यातील पहिली दहा अक्षरे साठवली, तर नोंदीत १४ मार्च जातो. अर्जदाराला पडद्यावर १५ दिसत असते. साठवणीत मात्र १४ असते.

अमेरिकेत हाच दोष उलट बाजूने दिसतो. '२०२४-०३-१५' असा केवळ दिनांक दिल्यास नियमानुसार तो जागतिक मध्यरात्र समजला जातो. भारतात त्यावेळी पहाटेचे साडेपाच असतात, म्हणून दिनांक बरोबर वाटतो. न्यूयॉर्कमध्ये १४ तारीख दिसते. त्याच मजकुरापुढे वेळ जोडली आणि प्रमाणवेळ नमूद केली नाही, तर तो स्थानिक समजला जातो. सारांश, एका शहरात निर्दोष ठरलेली आज्ञावली दुसऱ्या शहरात चुकते. म्हणून संगणकाची प्रमाणवेळ बदलून, तसेच रात्री बारा ते पहाटे साडेपाच या अवधीतील वेळ देऊन, तपासणी केली पाहिजे.

उपाययोजना

साठवण आणि देवाणघेवाण यांसाठी वर्ष-महिना-दिवस हा क्रम पाळावा. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाने तो ठरवून दिला आहे. वाचकाला दाखविताना मजकूर हाताने जुळवण्याऐवजी भाषेतील 'इंटल' ही सोय वापरावी. तिला मराठीचा संकेत आणि 'आशिया/कोलकाता' ही प्रमाणवेळ दिल्यास महिन्याचे नाव मराठीत आणि अंक देवनागरीत मिळतात. जुन्या व्यवस्थेतील उणिवा दूर करण्यासाठी 'टेम्पोरल' ही नवी रचना सिद्ध झाली असून २०२५ मध्ये फायरफॉक्सने तिचा अंतर्भाव केला. तिच्यात महिने एकपासून मोजले जातात, आणि क्षण व केवळ दिनांक हे दोन वेगळे प्रकार मानले जातात.

हा भेदच या विषयाचा गाभा आहे. गाडी सुटणे हा क्षण आहे. तो प्रमाणवेळेसह नोंदवावा. जन्मदिनांक, सण किंवा शुल्क भरण्याचा अंतिम दिवस हे क्षण नव्हेत, ते दिनदर्शिकेतील दिवस आहेत. त्यांना प्रमाणवेळेच्या वाटेने नेण्याचे कारण नाही. ते जसे लिहिले गेले, तसेच जतन करावेत. आज्ञावली लिहिण्यापूर्वी 'येथे क्षण हवा की दिवस?' एवढा प्रश्न विचारला गेला, तर वर वर्णिलेल्या दोषांपैकी जे सर्वांत घातक आहेत, ते उद्भवणारच नाहीत.