खाज कपड्यात राहिलेल्या साबणाची तर नाही ना?



उन्हाळा लागला की सेलूच्या वस्त्यांत घामोळ्यांबरोबर आणखी एक तक्रार वाढते. नाडी बसते तिथे कमरेला, काखेत, गळ्याभोवती, लेकरांच्या मांड्यांवर कातडी लाल होते, खाजते. आपण मलम आणतो. चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. नाजूक कातडीच्या माणसाला ही खाज कधीकधी कपड्यात राहिलेल्या साबणामुळेही होऊ शकते. म्हणून या वेळी आपण कपडे धुण्याविषयीच बोलू.

साबण कपड्यात का राहतो?

आपल्या भागात बोअरचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून येते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. पांढरा साका होतो आणि तो धाग्यांत अडकतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी वडी घासतो, आणखी पावडर टाकतो. साबण जितका जास्त, तितका तो कपड्यात जास्त राहतो. पुढे घामाने कपडा भिजला की तो सुटून कातडीला लागतो.

पाणी जड आहे का, हे घरी पाहता येते. बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, साबणाच्या वडीचा थोडा कीस टाका आणि जोराने हलवा. फेस टिकला तर पाणी हलके. फेस न येता पाणी गढूळ झाले, वर साका आला, तर जड. पावसाचे पाणी असेच तपासून पाहा, फरक लगेच दिसेल.

पाणी मऊ करणारे महागडे यंत्र मात्र घेऊ नका. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. घरात असे यंत्र बसवूनही नेहमीच्या उपचारापेक्षा त्यांच्या इसबात जास्त फरक पडला नाही.

तेवढ्याच पाण्यात जास्त स्वच्छ

"पाणीच पुरत नाही, तीनदा कुठून काढायचे?" असे आयाबाया विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण हिशेब पाहा.

समजा, पिळलेल्या कपड्यांत १ लिटर साबणाचे पाणी उरले आहे आणि आपल्याकडे १५ लिटर स्वच्छ पाणी आहे. ते सगळे एकदम बादलीत घेऊन कपडे काढून पिळले, तर साबणाचा १६ वा भाग कपड्यात राहतो. तेच पाणी ५-५ लिटर असे तीनदा घेतले आणि दर वेळी घट्ट पिळले, तर पहिल्यांदा ६ वा भाग, मग ३६ वा आणि शेवटी २१६ वा भाग उरतो. पाणी तेवढेच, फक्त वाटून घेतले आणि मध्ये पिळले. तिसरे पाणी फेकू नका. पुढच्या कपड्यांना ते पहिले पाणी म्हणून चालते.

हे लक्षात ठेवा

१. पावडर मोजून घ्या आणि आधी पाण्यात विरघळवा. कोरडी पावडर कपड्यावर टाकू नका.
२. अंगालगतचे कपडे, लेकरांची दुपटी, टॉवेल पहिल्या स्वच्छ पाण्यात धुवा. चादरी, कामाचे कपडे नंतर.
३. पौर्णिमेला घालायच्या पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ आणि पावडर जास्त वापरतो. तेच कपडे जास्त वेळा पाण्यातून काढा.
४. १४ एप्रिलसाठी घेतलेला नवा कपडा एकदा धुऊनच घाला. नव्या कापडात खळ आणि सुटा रंग असतो.
५. सुवासिक पावडर, सुगंधी द्रव, जंतुनाशक औषध नाजूक कातडीला टाळा.
६. अंगालगत सुती, सैल कपडा बरा. कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा.
७. धुणे झाल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन खोबरेल तेल लावा. बोटांना भेगा असतील तर रबरी हातमोजे वापरा.

धुण्याने न जाणारी खाज

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे आणि घरात दोघा-तिघांना आहे, तर ती खरूज असू शकते. कडेला लाल, गोल चट्टा पसरत असेल तर गजकर्ण. अशा वेळी सरकारी दवाखान्यात दाखवा. खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे असते. त्याच दिवशी कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवायचे. गजकर्ण झालेल्याचा टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा.

दुकानातून विचारून आणलेले मलम लावू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज थांबते, पण गजकर्ण पसरत राहते आणि पुढे औषधाला लवकर दाद देत नाही.

तीन पाण्यांचा हा हिशेब येत्या पौर्णिमेला विहारात वाचून दाखवावा, आणि घरातल्या पुरुषांनीही ऐकावा. बादली उचलणे आणि चादर पिळणे हे एकट्या बाईचे काम नाही.