उत्तर माहीत असताना केलेली प्रार्थना

आजचे वाचन : मार्क १४:३२–४२



"देवा, माझ्यासाठी तुझी इच्छा काय आहे?" आपल्या वयाची मुलं-मुली बहुतेक हीच प्रार्थना सगळ्यात जास्त करत असतील. कुठली नोकरी, कुठलं शहर, कुठलं स्थळ... दोन वर्षांपूर्वी मीही रोज सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये डोळे मिटून हेच विचारत होतो. हातात दोन ऑफर होत्या, एक पुण्यातली आणि एक बंगळूरची. पण काहीच उत्तर येत नव्हतं.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली होती. तिच्याबद्दल मात्र मी प्रार्थना करत नव्हतो. एका रिलीजच्या रात्री आमची सिस्टीम तीन तास बंद पडली. कारण होतं मी बदललेली एक सेटिंग. सकाळच्या कॉलवर मॅनेजरने गृहीत धरलं की चूक डिप्लॉयमेंट करणाऱ्या ज्युनिअरची आहे. पोरगा नवीन होता. गडबडला आणि "सॉरी" म्हणाला. मी म्यूटवर होतो, आणि म्यूटवरच राहिलो.

अशाच एका सकाळी वाचनात हा उतारा आला. लहानपणापासून दर पवित्र आठवड्यात ऐकलेला. पण त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली.

गेथशेमाने बागेत येशू देवाची इच्छा *विचारत* नाही. ती त्याला माहीत आहे! मार्कच्याच शुभवर्तमानात त्याने शिष्यांना आपल्या दुःखसहनाबद्दल आणि मरणाबद्दल तीन वेळा स्पष्ट सांगितलं आहे (८:३१, ९:३१, १०:३३–३४). मग तो प्रार्थना कशासाठी करतो? माहिती मिळवण्यासाठी नाही, तर माहीत असलेलं स्वीकारण्याचं बळ मिळावं म्हणून.

आणि तो किती प्रामाणिक आहे ते पाहा. पित्याला 'अब्बा' म्हणून हाक मारतो आणि आधी स्वतःच्या मनातलं सांगतो, की हा प्याला नको. हे लपवत नाही, गोड शब्दांत गुंडाळत नाही. त्यानंतरच तो आपली इच्छा पित्याच्या हाती सोपवतो. पुढे ३९ व्या वचनात मार्क सांगतो की त्याने पुन्हा जाऊन तेच शब्द म्हटले. म्हणजे प्रभूलासुद्धा तीच प्रार्थना पुन्हा करावी लागली. गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. घाण्यात एका फेऱ्यात तेल निघत नाही!

इब्री ५:७–८ मध्येही हेच आहे. मोठ्याने आक्रोश करत, अश्रू ढाळत प्रार्थना करणारा पुत्र दुःख सोसून आज्ञापालन शिकला. पुत्र असूनही *शिकला*. मग आपल्याला वेळ लागला तर नवल काय?

मला माझी प्रार्थना दिसली. मी आधीच कोड मर्ज करून नंतर रिव्ह्यू मागणाऱ्यासारखा होतो. देवाची जी इच्छा मला स्वच्छ माहीत होती, म्हणजे खरं बोल, ती बाजूला ठेवून मी पुढची विचारत होतो. बागेत झोपलेल्या तीन शिष्यांत चौथा मी होतो.

त्या दिवशी बसमध्ये ऑफरचा विषयच काढला नाही. म्हणालो, "बापा, मला सांगायचं नाहीये. प्रमोशन जाईल. लाज वाटते." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. भीती गेली नाही, पण चौथ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

प्रमोशन खरंच गेलं. ज्युनिअरची माफी मागितली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. लॉगमध्ये तुमचं नाव दिसलं होतं." तो एवढे दिवस गप्प बसला होता, आणि त्याच्या टेबलापासून चार खुर्च्यांवर बसून मी देवाची इच्छा शोधत होतो.

ऑफरचं म्हणाल, तर आकाशवाणी झाली नाही. घरच्यांशी बोललो, पाळकांचा सल्ला घेतला आणि पुण्यातली घेतली. पण आता कुठलाही प्रश्न घेऊन प्रार्थनेला बसलो की आधी स्वतःला विचारतो : देवाने आधीच सांगितलेलं काही माझ्याकडून राहिलंय का?

आज करून पाहा : जे करायला हवं हे तुम्हाला माहीत आहे, पण टाळताय, अशी एकच गोष्ट लिहा. ती का नको वाटते, तेही देवाला खरं-खरं सांगा. मन तयार नसेल, तर उद्या पुन्हा तेच सांगा.

प्रार्थना : हे अब्बा, बापा, तुझी इच्छा आम्हाला पुष्कळदा माहीत असते, पण ती नको असते. आमची नाखुशी तुझ्यापुढे आणायला शिकव, आणि उठून चालू लागायचं बळ दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.