शून्याचा दाखला

रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने कारेगावात उभ्या राहिलेल्या आमच्या लहानशा कारखान्याच्या दप्तरात, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे, नवे यंत्र आले. आणि ज्या विक्रेत्याने ते आणून दिले त्यानेच टास्क शेड्यूलरमधील, रात्री आपोआप खतावणीची नक्कल (बॅकअप) काढण्याची कामे नव्या यंत्रावर जशीच्या तशी उतरवून देण्याचा शब्द दिला, हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे तो शब्द त्यास आठवेनासा झाला.

जीएसटीचे विवरण भरण्याच्या ऐन धामधुमीत खतावणी बिघडली, तेव्हा ठेवलेली नक्कल परत काढावयास गेलो तो सर्वांत अलीकडची नक्कल जुन्या यंत्राच्या कारकिर्दीतली निघाली. विक्रेत्याचा माणूस आला, खुर्चीत न बसताच त्याने पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "काका, हे बघा, झिरो एक्स झिरो. टास्क सक्सेसफुल आहे. तुमच्याच कोणीतरी फायली उडवल्या असतील." आमचा तरुण कारकून लालबुंद झाला. तो माणूस गेल्यावर शेड्यूलर जी चालवितो ती नक्कल काढण्याच्या आज्ञांची बॅच फाईल मी नोटपॅडमध्ये उघडली. फायली उतरविणाऱ्या रोबोकॉपी या आज्ञेच्या ओळीखाली, जुन्या फाईलीत कधीही नसलेली, एक ओळ होती: एक्झिट झिरो. म्हणजे काम होवो अथवा न होवो, शेड्यूलरने यशाचाच दाखला द्यावा, अशी ती तजवीज! ती ओळ काढून काम चालविताच सोळाचा आकडा उमटला. रोबोकॉपीच्या हिशेबी एक म्हणजे नक्कल झाली, आठ व त्यावरील आकडे दोषाचे, आणि सोळा म्हणजे काहीच उतरले नाही. हे त्या गृहस्थास ठाऊक नव्हते असे मानण्याइतका मी उदार नाही.

मूळ दोष साधाच होता. नक्कल झेड ड्राइव्हवर जावयाची, आणि ते अक्षर लॉगिन केलेल्याच्या सत्रापुरतेच असते. कोणी लॉगिन नसताना चालणाऱ्या कामास ते दिसतच नाही. त्या अक्षराऐवजी, नक्कल ज्या यंत्रावर ठेवावयाची त्याच्या नावासह पूर्ण नेटवर्क पत्ता लिहावा. जुन्या यंत्राच्या शेड्यूलरमधून निर्यात केलेल्या कामाच्या एक्सएमएल फाईलीत जुन्या खात्याची ओळख येते, पासवर्ड येत नाही. नव्या यंत्रावर त्याच नावाचे खाते असले तरी त्याचा अंतर्गत क्रमांक निराळा, सबब खाते नव्याने निवडावे, आणि पासवर्डाच्या जागी पिन देऊ नये, तो चालत नाही. 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा सोडल्यास काम सिस्टिम३२ मध्ये सुरू होते. तेथे मार्ग लिहावा, पण अवतरणचिन्हांवाचून. शेड्यूलरमधील कामांच्या इतिहासाची नोंद बहुधा बंद असते, ती चालू करावी.

सर्व काही लेखी घ्यावे, हे तर आहेच. परंतु काम ताब्यात घेताना विक्रेत्याकडूनच नकलेतील एक फाईल परत काढवून, ती आपल्यासमोर उघडवून, मगच देयकावर सही करावी. आम्हांस 'नेटवर्क दुरुस्ती'चे जे देयक आले, ते मी त्या एका ओळीचे छायाचित्र जोडून परत धाडले आहे. उत्तर आलेले नाही.